४७ हा आकडा येतो कुठून? पेशी आपली गुणसूत्रे कशी वाटते

तपासणीच्या अहवालावर ‘४७, एक्सएक्स, +२१’ एवढीच ओळ असते. तिचा अर्थ सांगायला वेळ लागत नाही: तपासलेल्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे आढळली, त्यांत एक्स गुणसूत्रे दोन आहेत म्हणजे बाळ मुलगी आहे, आणि जास्तीचे गुणसूत्र २१ क्रमांकाचे आहे म्हणजे तिला डाउन सिंड्रोम ही बौद्धिक वाढ संथ ठेवणारी जन्मजात अवस्था आहे. मात्र ही ओळ ज्यांच्या हाती पडते त्या आईबापांना अर्थापेक्षा कारण हवे असते, आणि बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टरांना ते सविस्तर सांगण्याइतकी सवड क्वचितच मिळते.

गोव्यात हा विषय आता दबक्या आवाजातला राहिलेला नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांग व्यक्तींचा पहिला पर्पल फेस्ट भरला, तर त्याच वर्षी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कृत्रिम गर्भधारणेचे उपचार मोफत सुरू झाले. अशा उपचारांसाठी येणाऱ्या जोडप्यांत पस्तिशी ओलांडलेली जोडपी असतातच, आणि त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यात ‘गुणसूत्रे’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे विज्ञान बहुतांशी इंग्रजीतून शिकवले जात असल्यामुळे घरातल्या नातीला मायटोसिसच्या, म्हणजे पेशीविभाजनाच्या, चारही अवस्था पाठ असतात आणि आजीच्या साध्या प्रश्नाला मात्र तिच्याजवळ मराठीत उत्तर नसते. तो प्रश्न असा: एक गुणसूत्र जास्त झाले, ते पेशीला कळले कसे नाही?

पेशी आपली गुणसूत्रे कधीच मोजत नाही, हे त्याचे उत्तर आहे. प्रत्येक गुणसूत्रावर दोन्ही बाजूंनी ताण आहे की नाही, एवढेच ती जोखते. वाटणी बहुतेक वेळा बिनचूक होते ती त्यामुळे, आणि चुकते तेव्हा ती चूक तशीच पुढे चालू राहते तीही त्यामुळेच.

गुणसूत्र म्हणजे काय, आणि ती ४६ च का?

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्यात डीएनए हा अत्यंत लांब, अत्यंत बारीक रेणू असतो. प्रथिने कोणती, केव्हा आणि किती बनवायची, याची माहिती या रेणूत साठवलेली असते. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ करून टोकाला टोक जोडला तर तो सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो. हा डीएनए सलग नसून त्याचे ४६ स्वतंत्र तुकडे असतात. प्रथिनांभोवती गुंडाळलेला असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक गुणसूत्र. यांतली २३ आईकडून आलेली असतात आणि २३ वडिलांकडून, म्हणून आपण २३ जोड्या म्हणतो.

४६ या आकड्यात श्रेष्ठत्व काही नाही. गायीला ६० गुणसूत्रे असतात, कुत्र्याला ७८. सर्वांत नवलाचे उदाहरण आपल्या म्हादईच्या आणि मोलेच्या जंगलातच हिंडते: भेकर या लहानशा हरणाच्या मादीत केवळ सहा आणि नरात सात गुणसूत्रे असतात. सस्तन प्राण्यांत याहून कमी आकडा कुणाचाही नाही. पण त्याच्या चिनी भाईबंदात हीच संख्या ४६ आहे. तेव्हा भेकराजवळ माहिती कमी आहे असे नाही. तेवढीच माहिती थोड्या पण भल्यामोठ्या तुकड्यांत जोडली गेली आहे. गुणसूत्रे थोडी आणि ठळक असल्यामुळे पेशीविभाजनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत भेकराच्या पेशी आवर्जून वाढवल्या जातात.

माणसाचा आकडा तरी विज्ञानाला कुठे लवकर सापडला? १९२० च्या दशकापासून तो ४८ मानला जात होता, आणि अनेकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहूनही तोच खरा धरला. १९५६ मध्ये जो हिन ट्यिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी पेशी नीट पसरवून त्यांतली गुणसूत्रे मोजली, तेव्हा ४६ हा आकडा पक्का झाला. पुढे तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ वे गुणसूत्र दिसले. त्या पेशी वाढवण्याचे कष्टाचे काम मार्त गोतिए या डॉक्टर बाईंनी उभे केले होते. जगभर नाव झाले ते मुख्यत्वे जेरोम लेजून यांचे.

वाटणीच्या आधी प्रत निघते

शरीर वाढते, जखम भरून येते, आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, आणि अस्थिमज्जेतून दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक लाल रक्तपेशी तयार होऊन बाहेर पडतात. हे सगळे घडते ते एका पेशीच्या दोन पेशी होऊन. दोन्ही पेशींना पूर्ण ४६ चा संच मिळायला हवा असेल, तर आधी प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत काढणे भाग आहे, आणि ते काम विभाजन दिसू लागण्यापूर्वीच, काही तास चालून, निमूटपणे पार पडलेले असते.

प्रत निघाली की मूळ आणि प्रत एकमेकांना सोडत नाहीत. कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी दोघांना सुरुवातीपासून एकत्र बांधून ठेवते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात जो इंग्रजी एक्स अक्षरासारखा आकार दिसतो, तो अशा जोडलेल्या दोन प्रतींचा असतो. दोघींची कंबर जिथे जुळते त्या जागेला गुणसूत्रबिंदू म्हणतात. कोहेसिनचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पस्तिशीनंतरच्या गर्भारपणाची सगळी चर्चा शेवटी या कडीपाशी येऊन थांबते.

तासाभराचे नाट्य

सर्वसाधारण पेशीविभाजनाला सूत्री विभाजन म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या मोठ्या, पारदर्शक पेशी रंगवून त्याचे बारकाईने वर्णन केले आणि १८८२ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांच्याजवळ चलचित्रण नव्हते. वेगवेगळ्या क्षणी थांबलेल्या पेशी पाहून त्यांनी क्रम जुळवला, आणि तो आजही बदलावा लागलेला नाही.

आज जिवंत पेशीचे चित्रण करता येते, तेव्हा दिसते ते असे. आधी केंद्रकात पसरलेली गुणसूत्रे आखडून जाड होतात आणि एरवी न दिसणारे धागे स्पष्ट दिसू लागतात. केंद्रकाबाहेर तारकाकेंद्रांच्या दोन जोड्या असतात, त्या एकमेकींपासून दूर सरकत पेशीच्या दोन टोकांना जातात, आणि दोन्ही टोकांकडून तुर्कतंतू नावाच्या अतिसूक्ष्म नळ्या मध्याच्या दिशेने वाढू लागतात. मग केंद्रकाचे आवरण विरघळते. या नळ्या गुणसूत्रांना शोधत येतात असे म्हणण्याचा मोह होतो, पण त्यांना दिशा ठाऊक नसते: त्या वाढतात, काही हाती न लागल्यास भराभर आखडतात, पुन्हा दुसरीकडे वाढतात. गुणसूत्रबिंदूवर प्रथिनांची एक पकड तयार झालेली असते, आणि एखादी नळी योगायोगाने तिला भिडली की ती धरली जाते.

या टप्प्यावर एखाद्या गुणसूत्रावर नजर ठेवून पाहावे. ते आधी एका टोकाकडे ओढले जाते, थबकते, मग दुसऱ्या टोकाची नळी लागताच उलट सरकते, पुन्हा थोडे मागे येते, आणि अशा हेलकाव्यांत पेशीच्या मध्यरेषेवर स्थिरावते. बाकीची बहुतेक तिथे पोहोचलेली असतात, एखाददुसरे मात्र अजून काठावरच रेंगाळत असते. त्या एकासाठी सारी पेशी थांबून राहते. ते रांगेत आले की काही मिनिटांतच सर्व जोड्या एकाच वेळी फुटतात, प्रती दोन दिशांना निघतात, दोन्हीकडे नवे केंद्रक बनते आणि मधोमध पेशीचा पडदा आवळला जाऊन दोन पेशी सुट्या होतात. (वनस्पतींच्या पेशींना कडक भित्ती असल्यामुळे असे आवळता येत नाही, तिथे मध्ये नवी भिंत उभी राहते. तो विषय वेगळा.)

सगळी जागेवर आली, हे पेशीला कळते कसे?

क्रीडामहोत्सवातली रस्सीखेच डोळ्यांसमोर आणावी. पंच दोन्ही संघांची खेळाडूगणती करून शिट्टी वाजवत नाहीत. दोरी दोन्हीकडून ताठ झाली आहे आणि मधली खूण रेषेवर स्थिर आहे, हे पाहून वाजवतात. पेशीत असे ४६ सामने एकाच मैदानावर चालू असतात, आणि एकही दोरी ढिली असेल तर शिट्टी वाजतच नाही. फरक एवढाच की इथली शिट्टी ओढणे सुरू करण्यासाठी नसते, कारण ओढणे आधीच सुरू असते. तिच्या इशाऱ्यावर सगळ्या दोऱ्या मधोमध कापल्या जातात.

जोडलेल्या दोन प्रतींपैकी एक एका टोकाच्या नळ्यांनी आणि दुसरी समोरच्या टोकाच्या नळ्यांनी धरली, तरच दोघींना बांधणाऱ्या कोहेसिनवर ताण येतो. दोन्ही प्रती चुकून एकाच टोकाला जोडल्या गेल्या तर ताण निर्माण होत नाही, आणि ताण नसलेली पकड सैल करणारे एक एन्झाइम तिथेच ठाण मांडून असते. ते चुकीची जोडणी सोडवते, आणि पुन्हा प्रयत्न होतो. नळी न लागलेली प्रत्येक पकड पेशीभर ‘थांबा’ असा रासायनिक संदेश सोडत राहते. शेवटची पकड भरली की हा संदेश ओसरतो, कोहेसिन कापणारे दुसरे एन्झाइम मोकळे होते, आणि वाटणी होते.

हे कुणी रचलेले कथानक नाही. अमेरिकेतले ब्रूस निकलस यांनी काचेच्या सूक्ष्म सुईने टोळाच्या पेशीतली गुणसूत्रे हाताळली आणि १९६९ मध्ये दाखवून दिले की एकाच टोकाला चुकून जोडलेल्या गुणसूत्रांना सुईने ओढून ताण दिला, तर ती चुकीची जोडणीसुद्धा टिकून राहते. १९९५ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत खंडोबाचा किडा म्हणून आपण ओळखतो त्या प्रार्थनाकीटकाच्या पेशींवर याहून धीट प्रयोग झाला. एक गुणसूत्र नीट न जोडले गेल्यामुळे पेशी तासन् तास अडून बसली होती; त्या गुणसूत्राला सुईने ओढून खोटा ताण दिला, तेव्हा पेशीने सर्व ठीक आहे असे धरून विभाजन पुढे नेले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने शेवटची मोकळी पकड लेझरने जाळून टाकली, आणि पेशी गुणसूत्राची वाट न पाहता पुढे निघाली. फसवणूक झाली, पण तिने नियम पाळला.

मग ही व्यवस्था चुकते कशी?

ती ताण जोखते, हेच तिचे मर्मस्थान आहे. कधी कधी एकाच प्रतीची पकड दोन्ही टोकांच्या नळ्यांनी धरली जाते. ताण तर आहे, पकडही भरलेली आहे, त्यामुळे ‘थांबा’ हा संदेश बंद होतो. मग जोड्या फुटतात, आणि ही प्रत दोन्हीकडून ओढली जात मध्येच लटकते. बहुधा ती योग्य बाजूला पोहोचते. न पोहोचल्यास एका पेशीत ४७ आणि दुसरीत ४५ गुणसूत्रे जातात. शरीरातल्या अशा बऱ्याच पेशी मरतात किंवा वाढायच्या थांबतात, त्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. काही मात्र टिकतात. सागरी अर्चिनच्या अंड्यांवर काम करणारे थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच सुचवले होते की गुणसूत्रांची बिघडलेली वाटणी हे कर्करोगाच्या मुळाशी असू शकते. आज बहुतेक घन गाठींच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते, मात्र बिघाड आधी की रोग आधी, याचे उत्तर प्रत्येक कर्करोगात एकसारखे नाही.

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची वाटणी वेगळी

मुलाला आईबापांकडून मिळून ४६ गुणसूत्रे मिळायची तर प्रत्येकाने २३ च द्यायला हवीत. म्हणून बीजपेशी तयार होताना प्रत एकदाच निघते आणि विभाजने मात्र लागोपाठ दोन होतात. याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. पहिल्या विभाजनात आईकडचे आणि वडिलांकडचे गुणसूत्र एकमेकांपासून वेगळे होतात, दुसऱ्यात प्रत आणि मूळ वेगळे होतात. पहिल्या फेरीपूर्वी जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात, काही तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि त्या अदलाबदलीच्या जागी कोहेसिनच्या आधाराने अडकून राहतात. इथेही ताण जोखायचा तर आधी काहीतरी बांधलेले असावे लागते.

कोणती जोडी कोणत्या बाजूला वळेल हे केवळ योगायोगावर असते, त्यामुळे तुकड्यांची अदलाबदल सोडून दिली तरी एका व्यक्तीच्या बीजपेशींत ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारचे संच संभवतात. सख्खी भावंडे एकमेकांसारखी का नसतात, याचे उत्तर यातच आहे. शिवाय आई नेहमी एक्सच देते आणि वडिलांकडून एक्स किंवा वाय येते, तेव्हा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हिशेब पुन्हा तपासून पाहावा.

पस्तिशीनंतर धोका वाढतो, तो का?

पुरुषांत शुक्राणू तारुण्यापासून सतत नव्याने तयार होतात. स्त्रीबीजाची गोष्ट निराळी. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजपेशी पहिल्या विभाजनाला सुरुवात करतात, गुणसूत्रांच्या जोड्या बांधतात आणि तिथेच थांबतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ-सत्तर लाख असते, जन्मावेळी दहा ते वीस लाख उरतात, आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात त्या जेमतेम चारशे-पाचशे. थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते ते त्या त्या महिन्यात, बीज बाहेर पडण्याच्या तोंडावर, आणि दुसरे विभाजन पूर्ण होते ते शुक्राणू आत शिरल्यावर. चाळिसाव्या वर्षी बाहेर पडलेल्या बीजातली कोहेसिनची कडी अशी चाळीस वर्षांहून जुनी असते. उंदरांवरच्या अभ्यासातून दिसते की ती या काळात फारशी नव्याने घातली जात नाही आणि वयाबरोबर झिजत जाते. कडी सैल झाली की प्रती वेळेआधीच विलग होतात, आणि ज्या ताणावर सगळी पारख उभी आहे तो ताणच फसवा ठरतो.

त्यात आणखी दोन अडचणी आहेत. मानवी स्त्रीबीजात तारकाकेंद्रे नसतात, त्यामुळे तुर्कतंतूंची रचना उभी राहायला सुमारे १६ तास लागतात आणि ती बराच वेळ अस्थिर राहते. शिवाय इतर पेशींत एक मोकळी पकड सारे काही थांबवते, तितकी कडक शिस्त या मोठ्या पेशीत नसते.

परिणाम आकड्यांत असा दिसतो: आईचे वय विशीत असताना डाउन सिंड्रोमची शक्यता हजारांत एकापेक्षाही कमी असते, पस्तिसाव्या वर्षी सुमारे ३५० त एक, चाळिसाव्या वर्षी सुमारे १०० त एक आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सुमारे ३० त एक. चाळिशीतही शंभरांतल्या नव्याण्णव बाळांना डाउन सिंड्रोम नसतो, हेही याच आकड्यात वाचावे.

चूक कोणत्याही गुणसूत्राच्या वाटणीत होऊ शकते, मग २१ च का ऐकू येते? कारण बाकीचे बहुतेक गर्भ टिकत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांचा बिघाड असतो. २१ वे गुणसूत्र अत्यंत लहान असून त्यावर जनुके थोडी आहेत, म्हणून त्याची जास्तीची प्रत घेऊनही बाळ जन्माला येऊ शकते, शिकते, आणि हृदयाचे दोष वेळीच सुधारले तर आज साठीपर्यंतही जगते.

मग हा दोष कुणाचा?

ग्रहणात आदोळीवर भाजी चिरली, पपई खाल्ली, पायऱ्या चढली, अमक्याच्या घरी जेवली, अशी कारणे आपल्याकडे बाळंतिणीच्या कानावर आजही घातली जातात. वर सांगितलेला क्रम पाहिला तर यांतल्या एकाही गोष्टीला शिरायला वेळच उरत नाही. गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच, बहुतेकदा गर्भधारणेच्या आधीच, ही वाटणी होऊन गेलेली असते. सुमारे नव्वद टक्के वेळा जास्तीचे गुणसूत्र स्त्रीबीजातून आलेले असते हे खरे, परंतु त्यात त्या स्त्रीच्या वागण्याचा भाग नाही. ती कडी बांधली गेली तेव्हा तिचा स्वतःचा जन्मही झालेला नव्हता.

‘तरुण मुलीला असे मूल झाले, मग वयाचे हे सगळे खोटेच,’ असा आक्षेप हमखास येतो. धोका तरुण वयात कमी असला तरी तो शून्य नसतो, आणि एकूण बाळे तरुण आयांचीच अधिक असल्यामुळे डाउन सिंड्रोम असलेली पुष्कळ बाळेही तरुण आयांना झालेली दिसतात. ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हेही म्हणणे बहुतेकदा खरेच असते, कारण हा दोष सहसा वारशाने येत नाही. याला अपवाद आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरातल्या तीन-चार मुलांत जास्तीचे २१ वे गुणसूत्र सुटे नसून दुसऱ्याला, बरेचदा १४ व्याला, चिकटलेले असते. अशा मुलाच्या अहवालात आकडा ४६ च येतो, आणि आई किंवा वडील स्वतः ठणठणीत असूनही ४५ गुणसूत्रे बाळगणारे निघू शकतात. तेव्हा आईबापांची तपासणी करून घ्यावी, कारण पुढच्या बाळाबाबतचा सल्ला तिच्यावर अवलंबून असतो.

आणि शरीर नंतर ही चूक सुधारत का नाही? पहिल्या पेशीत ४७ गुणसूत्रे आली, त्या प्रत्येकाची प्रत निघाली, प्रत्येकावर ताण आला, कुठेही ढिलाई नाही. पेशीच्या दृष्टीने वाटणी निर्दोष झाली. म्हणून त्या बाळाच्या कोट्यवधी पेशींत ४७ हा आकडा त्याच काटेकोरपणे उतरतो, ज्या काटेकोरपणे आपल्या पेशींत ४६ उतरतो. चूक गर्भधारणेनंतरच्या एखाद्या विभाजनात झाली तर मात्र काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या, असे मिश्र शरीर घडते. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरात एखाददुसऱ्या मुलात तसे असते.

प्रयोगशाळेत मोजणी कशी होते?

गुणसूत्रे फक्त विभाजनाच्या वेळी सुटी दिसतात, आणि रक्तातल्या लाल पेशींत केंद्रकच नसते. म्हणून पांढऱ्या पेशींना विभाजनास भाग पाडावे लागते. त्यासाठी वापरला जाणारा पदार्थ राजम्यातून मिळतो. ३७ अंश तापमानात सुमारे तीन दिवस पेशी वाढल्या की त्यांत कोल्चिसिन किंवा त्याच्या जातीचे रसायन घालतात. त्याने तुर्कतंतूंच्या नळ्या बनेनाशा होतात आणि पेशी मधल्या अवस्थेत अडकून पडते. मग पेशी पातळ क्षारद्रावणात फुगवतात, काचपट्टीवर थेंब सोडतात, रंगवतात, आणि पट्ट्यांवरून एकेक गुणसूत्र ओळखून त्याच्या जोडीदाराशेजारी लावतात. अहवालाला दोन-तीन आठवडे का लागतात, ते यावरून कळावे.

गरोदरपणातली ड्युअल मार्कर ही रक्तचाचणी आणि आईच्या रक्तातला गर्भाचा डीएनए पाहणाऱ्या चाचण्या शक्यता सांगतात, निदान करत नाहीत. निदानासाठी वारेचा तुकडा किंवा गर्भजल घेऊन गुणसूत्रेच पाहावी लागतात. गर्भाचे लिंग सांगण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे जन्मापूर्वीच्या अहवालात ते नसते.

हेच ज्ञान औषधात

कोल्चिसिन पावसाळ्यात आपल्या कुंपणांतून लाल-पिवळ्या ज्वाळांनी फुलणाऱ्या कळलावीतही असते, आणि ती विषारी आहे ती याच कारणाने: आतड्याच्या आणि अस्थिमज्जेच्या सतत विभागणाऱ्या पेशी अडून बसतात. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारे व्हिनक्रिस्टिन हेही तुर्कतंतू बनू देत नाही आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते अनेक वर्षे वापरात आहे. स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल उलट्या वाटेने तेच साधते; नळ्या बनतात, पण मोडत नाहीत, आणि योग्य ताणाची जुळणी होत नाही. सदाफुलीची पाने चावून खाण्याची जी प्रथा काही घरांत दिसते तिचा या औषधाशी संबंध जोडू नये. पानात त्याचे प्रमाण अत्यल्प असते आणि इतर घातक द्रव्येही असतात, तर रुग्णाला मिळते ती शुद्ध करून मोजून दिलेली मात्रा.

या औषधांनी केस गळतात, कारण केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर विभागतात. बोटांना मुंग्या येतात, त्याचे कारण वेगळे आहे. मज्जातंतूंच्या पेशी (चेतापेशी) विभागत नाहीत, पण त्यांच्या लांबलचक तंतूंतून माल पोहोचतो तो याच जातीच्या नळ्यांवरून, आणि औषधाला दोन्हींतला फरक कळत नाही. बटण लावताना बोटे बधिर वाटू लागली तर रुग्णाने पुढच्या मात्रेपूर्वीच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते.